१०३ कुंड्या, २०६ वर्तुळं

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचं प्लास्टिकचं मॉडेल पाहिलं आणि नजर कुंड्यांच्या, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यांच्या, तोंडांवर अडकली. प्रत्येक कडं नेमकं गोल, कड स्वच्छ. बनवणाऱ्याचा पत्ता विचारत राजपुऱ्यात गेलो. पॉवरलूमच्या कारखान्यात उमेदीची वर्षं फिटर म्हणून काढलेले एक काका निघाले.

"१०३ कुंड्या आहेत, भाऊ," बसायच्या आधीच त्यांनी सुनावलं. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालून शहराला मिळावं म्हणून अब्दुल रहीम खानखानाच्या वेळी, १६१५ साली झालेलं हे काम. काकांना इतिहासापेक्षा हिशेब जवळचा: १०३ कडी, प्रत्येकाला आतलं आणि बाहेरचं, म्हणजे २०६ वर्तुळं.

कंपास कटर त्यांनी घेतलाय, पण तो मोठ्या वर्तुळापुरता. पातं सरळ असतं. नखाएवढ्या गोलात ते वळत नाही, ओरबाडतं. चामड्याचा पंच एका घावात चकती पाडतो, मात्र जाड शीटमधली चकती खोलगट होते. उरतो फिटरचा डिव्हायडर. त्याचं एक टोक काकांनी ऑइलस्टोनवर घासून छिन्नीसारखं चपटं केलंय. सुरी प्लास्टिक फाकवते, चिरेच्या दोन्ही बाजूंना कड उभी राहते. हे टोक खरवडतं. पांढरं, केसाएवढं बारीक सूत वळत वळत वर येतं. मी बराच वेळ ते सूतच पाहत होतो.

पहिले फेरे नुसते चाटून जायचे. जोर लावला की टोक घसरलंच. केंद्रावर चिकटपट्टीचे दोन थर, म्हणजे भोक मोठं होत नाही. आणि बाहेरचं वर्तुळ आधी. "आतलं आधी कापलंत तर टोक टेकवणार कुठं? १०३ वेळा हेच लक्षात ठेवायचं." मग घासणं, चिकटवणं, रंग.

लेझरचा विषय काढला तर काकांनी नाक मुरडलं. पॉलिस्टायरीनची कड लेझरनं वितळते, हे खरंच. पण अॅक्रिलिक त्यावर सुरेख कापतं, हे ते कबूल करत नाहीत.

तरी हे काम सुरू करणाऱ्यानं पहिले पैसे डिव्हायडरवरच घालावेत, या मताचा मी झालोय. स्क्रूनं माप पक्कं बसणारा घ्या. शाळेच्या कंपासपेटीतलं करकटक नको. दाबाखाली त्याचे पाय फाकतात आणि वर्तुळ सुरू केलं तिथं परत येत नाही. कंपास कटर नंतर घेतला तरी चालतो.