युतीचे मोल आणि मधल्या पक्षाचे बळ

लोकसभेची निवडणूक दोन वर्षांवर असो वा दोन महिन्यांवर असो, ती दृष्टिपथात येऊ लागली की मध्यममार्गी लहान पक्षांच्या गोटात एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. कोणाशी युती करावी आणि तीत किती जागा पदरात पाडून घ्याव्यात, हा तो प्रश्न. युती कशासाठी करावी, हा त्याच्या आधीचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मुदतीप्रमाणे लोकसभेची पुढील निवडणूक २०२९ साली यावयाची आहे. तिचा विचार करताना, गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात नागझिऱ्याच्या जंगलालगत वसलेल्या चोरखमारा या गावाच्या मतदाराने गेल्या सत्तर वर्षांत काय काय पाहिले, याचे स्मरण करणे आम्हांस उपयुक्त वाटते. गोंदिया जिल्हा १९९९ साली स्वतंत्र झाला. तत्पूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. आणि लहान पक्षाच्या युतीचा सर्वांत बोधप्रद धडा याच भंडाऱ्याने १९५४ साली देशाला दिला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदारास दोन मते. तेथे काँग्रेस विजयी झाली. परंतु चतुर्भुज जसानी यांची निवड न्यायालयात गेली. ते भागीदार असलेल्या विडीच्या पेढीचा सरकारशी विड्या पुरविण्याचा करार होता, असा एक आक्षेप. आणि गंगाराम ठवरे यांनी महानुभाव पंथ स्वीकारल्यामुळे ते महार राहिले नाहीत असे ठरवून त्यांचा अर्ज फेटाळला गेला, हा दुसरा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये ती निवडणूकच रद्दबातल ठरविली. ज्या प्रदेशात तेंदूपान आणि विडी यांवर हजारो घरांच्या चुली पेटत, तेथील निवडणूक विडीच्याच करारावरून वादात सापडावी, हा योगायोग सूचक म्हटला पाहिजे.

त्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे तेंदूपानाच्या हंगामातच, पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे राहिले आणि राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोन वर्षांपूर्वी उत्तर मुंबईत हीच जोडी पराभूत झाली होती. भंडाऱ्यात निकाल लागला तो असा : अशोक मेहता निवडून आले, डॉ. आंबेडकर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पराभूत झाले. मतदारसंघ तोच, मतदानपेटी तीच, मित्रपक्षही तेच. तरी एका मित्राची नाव पैलतीरास लागली आणि दुसऱ्याची मध्येच बुडाली. व्यासपीठावर झालेली युती मतपत्रिकेवर आपोआप उतरत नाही, आणि न उतरल्याचे नुकसान नेहमी अधिक दुर्बळ मित्राच्याच वाट्यास येते, हे या निकालाने दाखवून दिले. समाजाच्या तळाशी असलेल्या मतदाराने मित्राला मत दिले. समाजाच्या वरच्या थरातील मतदाराने मात्र ते परत करताना जात पाहिली, असाच या आकड्यांचा अर्थ आम्ही लावतो.

विजयी ठरलेल्या पक्षाचे तरी पुढे काय झाले? समाजवादी पक्ष आणि आचार्य कृपलानींचा किसान मजदूर प्रजा पक्ष यांच्या विलीनीकरणातून १९५२ साली प्रजासमाजवादी पक्ष जन्मास आला. मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षानेही काँग्रेसशी सहकार्याची क्षेत्रे शोधली पाहिजेत, असा सिद्धान्त अशोक मेहतांनी १९५३ च्या बैतूल अधिवेशनात मांडला, डॉ. लोहियांचा त्याला कडवा विरोध होता. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये केवळ १९ आमदारांच्या बळावर आणि काँग्रेसच्या बाहेरील पाठिंब्यावर पट्टम थाणू पिळ्ळै मुख्यमंत्री झाले. काँग्रेसने पाठिंबा काढताच १९५५ च्या आरंभी ते सरकार कोसळले. पोलिसांच्या गोळीबारावरून पक्षात पडलेली फूट तेवढी मागे उरली. पक्षाला १९५७ साली लोकसभेत १९ जागा मिळाल्या, १९६२ साली १२. नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद स्वीकारल्यानंतर अशोक मेहता १९६४ मध्ये पक्षाबाहेर पडून काँग्रेसमध्ये गेले आणि १९६७ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. या वेळी काँग्रेसचे उमेदवार म्हणून. नेता होता तेथेच राहिला, मतदारसंघही तोच राहिला; नाहीसा झाला तो पक्ष. १९७१ मध्ये तो विलीनीकरणात संपला.

हा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणेल, तर त्यांनी अलीकडचे दशक पाहावे. भंडारा-गोंदिया मतदारसंघातून २००९ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल विजयी झाले आणि २०१४ साली भाजपचे नाना पटोले यांच्याकडून पराभूत झाले. पटोले यांच्या राजीनाम्यामुळे मे २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली. तीत काँग्रेसच्या पाठिंब्याने राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले. म्हणजे युतीचे बळ येथेही एकदा सिद्ध झाले. परंतु २०१९ साली जागा पुन्हा भाजपकडे गेली, जुलै २०२३ मध्ये पक्ष दुभंगला आणि २०२४ साली विलक्षण प्रसंग ओढवला. पक्षाचा एक गट महायुतीत होता, दुसरा महाविकास आघाडीत. आणि या मतदारसंघाची जागा दोघांपैकी एकाच्याही वाट्यास आली नाही. लढत झाली ती भाजपचे सुनील मेंढे आणि काँग्रेसचे प्रशांत पडोळे यांच्यात. पडोळे सुमारे ३७ हजार मतांनी विजयी झाले. ज्या पक्षाने ही जागा कालपर्यंत आपली मानली, त्याचे चिन्हच चोरखमाऱ्याच्या मतदाराला मतदानयंत्रावर दिसले नाही.

तथापि लहान पक्षाने युती करूच नये, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. एकसदस्य मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो. अशा पद्धतीत एकाकी लढणे म्हणजे बहुधा मते वाया घालविणे होय. प्रश्न युतीच्या अटींचा आहे. जागावाटप ही युतीची परिणती असावी, पाया नव्हे. आमच्या मते मधल्या पक्षाने मोठ्या मित्राशी बोलणी करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : सामायिक कार्यक्रम, तो पाळला न गेल्यास बाहेर पडण्याचा स्पष्ट निकष, आणि जागा न मिळालेल्या मतदारसंघांतही त्या कार्यक्रमाचे उत्तरदायित्व.

आणि तो कार्यक्रम दिल्लीत बसून लिहिता येणार नाही. चोरखमाऱ्याच्या परिसरात तलावाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचते की नाही, धानाची खरेदी वेळेवर होऊन पैसे हाती पडतात की नाही, तेंदूपान तोडणाऱ्या मजुरास योग्य मोबदला मिळतो की नाही, २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पालगत रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले तर भरपाई किती दिवसांत येते, हे तेथील राजकारणाचे खरे विषय आहेत. डावे-उजवे या भाषेत त्यांचे उत्तर सापडत नाही. आणि म्हणूनच मध्यममार्गी पक्षाला येथे खरे काम आहे. ते काम निवडणुकीनंतरही जो पक्ष करीत राहील, त्याला युतीत मान मागावा लागणार नाही. जो करणार नाही, त्याला जागा मिळाल्या तरी त्या उसन्याच ठरतील. आणि उसने धन धनको कधीही परत मागू शकतो, हे भंडाऱ्याच्या मतदाराइतके दुसऱ्या कोणी पाहिलेले नसेल.