शहराचा विकास आराखडा बदलतो तेव्हा…

कायदा : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. कलम 38 नुसार नगरपालिकेने 20 वर्षांतून किमान एकदा आराखडा सुधारायचा असतो.

क्रम : सुधारणेचा इरादा जाहीर, सध्याच्या जमीनवापराचा नकाशा, प्रारूप आराखडा, हरकती-सूचना, नियोजन समितीपुढे सुनावणी, शासनाची मंजुरी.

रंग : पिवळा म्हणजे रहिवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, हिरवा शेतीचा पट्टा.

हरकत : छोट्या शहरांत प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत, लेखी. सर्व्हे किंवा गट क्रमांक लिहा, जागेचा नकाशा जोडा, पोच घ्या. तोंडी तक्रारीला सुनावणीत स्थान नाही.

आरक्षण : शाळा, बाग, रस्ता यांसाठी राखलेली जागा 10 वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. म्हणजे नगरपालिकेच्या दिरंगाईने गाव मैदानही गमावू शकते.

बांधकाम : मजले, सामासिक अंतरे, चटईक्षेत्र हे 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ठरते.