परभूमीतील शिक्षक आणि संकटकाळातील कर्तव्य

द्वारका चौकातून निघालेला पुण्याचा रस्ता नाशिकरोडला पोहोचतो आणि तेथून देवळाली कॅम्प फार दूर नाही. आज देवळाली म्हटली की तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आठवते. परंतु दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, याच छावणीत काटेरी कुंपणाआड जर्मन नागरिक स्थानबद्ध होते. अहमदनगरहून त्यांना येथे आणले गेले व त्याच वर्षी देहरादूनच्या मोठ्या छावणीत हलविण्यात आले. (राजस्थानातील देवळी येथील छावणी निराळी, नामसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत होते.) देहरादूनच्या त्या छावणीत पुढे बौद्ध भिक्खूही होते आणि त्यांचे सारे आयुष्य अध्ययन-अध्यापनात गेलेले होते. परक्या देशात ज्ञानदान करणाऱ्याने त्या देशावर संकट आले असता कसे वागावे आणि त्या देशाने त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न त्यांच्या चरित्रांतून उभा राहतो.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे घोषित केले. त्यानंतर जर्मन नागरिक म्हणजे शत्रुदेशीय, असे समीकरण रूढ झाले. श्रीलंकेतही तेच घडले. ञाणतिलोक महाथेर यांनी १९११ साली दोडन्दूव येथे आश्रम स्थापून युरोपीय भिक्खूंना धम्माचे शिक्षण दिले होते. पहिल्या महायुद्धात ते जन्माने जर्मन म्हणून स्थानबद्ध झाले होते. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा झाले. त्यांचे शिष्य ञाणपोनिक थेर तर जन्माने ज्यू होते. हिटलरच्या छळातून त्यांनी १९३९ साली आपल्या आईला श्रीलंकेत आणून वाचविले आणि त्याच वर्षी ‘जर्मन’ म्हणून ते स्वतः बंदिस्त झाले. शांतिनिकेतनात अध्यापन केलेले अनागारिक गोविंद यांनी १९३८ सालीच ब्रिटिश नागरिकत्व घेतले होते, तरीही त्यांना अहमदनगर व नंतर देहरादूनची छावणी चुकली नाही.

येथे शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. युद्धकाळात परदेशी व्यक्तींची नोंद ठेवणे, त्यांच्या हालचालींवर मर्यादा घालणे हा कोणत्याही राष्ट्राचा रास्त अधिकार आहे. स्थानबद्धांमध्ये कट्टर नाझीही होते. चूक घडली ती निराळ्या ठिकाणी: माणसाची पारख त्याच्या आचरणावरून न होता जन्मावरून झाली. जन्मावरून माणसाला कायमचा दोषी ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे देहरादूनला नाझीविरोधकांची वेगळी व्यवस्था करण्यात आली. म्हणजे भेद करणे शक्य होते, तो उशिरा केला गेला.

या शिक्षकांनी बंदिवासातही आपले काम सोडले नाही. ञाणपोनिक थेरांनी तेथेच सुत्तनिपात व धम्मसंगणी या ग्रंथांची जर्मन भाषांतरे केली, सतिपट्ठानविषयक वचनांचे संकलन केले. १९४६ साली सुटका झाल्यावर ते श्रीलंकेतच परतले, तेथील नागरिक झाले आणि १९५८ साली कँडी येथे बौद्ध प्रकाशन संस्था उभारणाऱ्यांपैकी ते एक होते.

स्वतंत्र भारतातही असा प्रसंग आला. चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथे ठेवण्यात आले. त्यांपैकी अनेकांचा जन्म भारतातच झालेला होता. त्याच काळात प्रा. तान युन-शान शांतिनिकेतनात होते. १९२८ साली ते तेथे आले, १९३७ साली चीनभवन उभे राहिले, ते त्यांच्या परिश्रमांमुळे. युद्धानंतरही ते अध्यापनात राहिले आणि १९६७ साली निवृत्त झाले. आयुष्याची अखेर त्यांनी बोधगयेत केली.

आपली राज्यघटना या बाबतीत काय सांगते? अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये नागरिकांसाठी आहेत. परंतु अनुच्छेद १४ मधील समानता व अनुच्छेद २१ मधील जीविताचे व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण प्रत्येक ‘व्यक्ती’ला आहे, मग ती परदेशी का असेना. अटक झालेल्याला कारण कळविण्याची आणि वकिलाची तरतूद करणारा अनुच्छेद २२ संविधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच मांडला. त्यात शत्रुदेशीयांसाठी अपवाद आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मात्र १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतसुद्धा अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही.

आता कर्तव्याकडे वळू. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे परदेशात अध्यापन करीत असतील, त्यांनी भारतीय दूतावासात आपली नोंद करावी. पारपत्र, व्हिसा व नेमणुकीची कागदपत्रे हाताशी ठेवावीत. १९९० साली कुवेतमधून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना आणावे लागले, तेव्हा कागदपत्रांचे मोल अनेकांना कळले. यजमान देशाचे संचारबंदीसारखे आदेश पाळावेत, लष्करी हालचालींची छायाचित्रे घेऊ वा पाठवू नयेत, अफवांना वर्गात थारा देऊ नये. दूतावासाने निघण्यास सांगितले तर निघावे. मात्र जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांची जबाबदारी व त्यांच्या अभ्यासाच्या नोंदी सहकाऱ्याच्या हाती सोपवाव्यात. आणि कोणत्याही परिस्थितीत एखाद्या राष्ट्राविषयी वा वंशाविषयी द्वेष शिकवू नये.

शाळेचेही कर्तव्य आहे. परदेशी भिक्खू वा शिक्षक आपल्याकडे राहत असतील, तर त्यांची नोंद व माहिती नियमानुसार वेळेवर द्यावी, काहीही लपवू नये. आणि संशयाचे वातावरण निर्माण झाले, तर ज्याला आपण रोज वर्गात पाहिले आहे, त्याच्या आचरणाची साक्ष निर्भयपणे द्यावी. ती साक्ष शाळेइतकी खात्रीने दुसरे कोण देऊ शकेल?