पेडल जोडलं, पण आवाज येत नाही

गिटारचं पेडल पहिल्यांदाच घरी बनवणाऱ्या मुलांना मी इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या एलपीबी-१ चं सर्किट देतो. १९६० च्या दशकातली ही न्यूयॉर्कची रचना: एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट. लॅमिंग्टन रोडवर सगळं सुटं मिळतं.

आवाज आला नाही, तर सगळे सांधे सरसकट पुन्हा सोल्डर करत बसू नका. आधी मल्टीमीटर घ्या. ९ व्होल्टच्या बॅटरीवर कलेक्टरला साधारण ४ ते ५ व्होल्ट हवेत. पूर्ण ९ दिसले, तर ट्रान्झिस्टर चालतच नाही. त्याचे पाय तपासा. सपाट बाजू आपल्याकडे धरली, की बीसी५४७ चा डावा पाय कलेक्टर असतो, २एन३९०४ चा एमिटर.

व्होल्टेज ठीक, तरी शांतता? अ‍ॅम्पच्या वायरचं ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला जोडा, त्याच वायरच्या सिग्नलच्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. कुणाला तरी गिटार छेडत राहायला सांगा आणि इनपुटपासून एकेका सांध्याला तो टेकवत पुढे सरका. आवाज जिथे तुटतो, तिथे दोष. या कामातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. सर्किट खरं कळतं ते इथेच.

आणि धातूच्या डब्यात बसवण्याआधी पेडल बाहेरच वाजवून पाहा.