दमण्याआधीचा विसावा

साठी उलटलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध असतात. एक म्हणतो, आयुष्यभर राबलात, आता बसा निवांत. दुसरा बजावतो, बसलात की संपलात. या ओढाताणीतून सुटका म्हणून हल्ली तिसरा सल्ला पुढे आला आहे : शरीराचं ऐका. ऐकायला तो शहाणा वाटतो, पण वय वाढल्यावर शरीर पूर्वीइतकंच स्पष्ट बोलतं का, हे सांगायच्या भानगडीत कुणी पडत नाही. माझ्या मते उतारवयात शरीराच्या काही सूचना भरवशाच्या राहतात, काही क्षीण होतात आणि काही चक्क चकवतात. त्यामुळे पार दमल्यावर अंग टाकून देणं, एवढ्यावर विश्रांतीचं भागत नाही. ती दिवसाच्या आखणीतच बसवावी लागते.

भरवशाची सूचना म्हणजे श्रमाची जाणीव. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तिच्यासाठी एक मोजपट्टी तयार केली. व्यायाम करणाऱ्याने आपल्याला किती कष्ट पडताहेत, ते ६ ते २० मधला एक आकडा सांगून कळवायचं. आकडे विचित्र वाटतात खरे, पण त्यांमागे हिशेब आहे. निरोगी तरुणाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं, की त्याच्या नाडीच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. म्हणजे ‘मला जड जातंय’ ही भावना हवेतली नसते. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांची नाडी औषधानेच मंद राहते. त्यांच्या बाबतीत नाडीपेक्षा ही जाणीव अधिक उपयोगी पडते. घरगुती कसोटी याहून सोपी आहे : चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, तर वेग ठीक, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर थांबावं. चरकसंहितेने अडवू नयेत असे १३ वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, सांगितले आहेत. त्यांत तहान, भूक, झोप यांच्या जोडीला श्रमाने लागणारी धापही आहे. सोबतच्यांना कळू नये म्हणून ओठ आवळून जिना चढणाऱ्या ज्येष्ठांनी ही यादी जरूर पाहावी.

इतर सूचनांचं मात्र तसं नाही. १९८४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध आणि तरुण पुरुषांना २४ तास पाण्याविना ठेवलं होतं. वृद्धांच्या शरीराला पाण्याची गरज असूनही त्यांना तहान कमी लागली आणि नंतर ते पाणीही कमी प्यायले. वैशाख वणव्यात ‘तहान लागली की पिईन’ म्हणणारे आजोबा म्हणूनच धोक्यात असतात. हृदयविकाराचा झटका वृद्धांमध्ये, त्यातही मधुमेह असणाऱ्यांमध्ये, छातीत कळ न येता नुसती धाप किंवा गळाठा घेऊन येऊ शकतो. जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. जिथे आतला आवाजच हळू झाला आहे, तिथे कान देऊन बसण्यापेक्षा घड्याळ बरं. पाणी ठरल्या वेळी प्यावं आणि कामाच्या मध्ये ठरल्या वेळी बसावं.

असं बसणं लाड म्हणून नाही. वयाबरोबर हृदयाची कमाल गती उतरते, स्नायूंची ताकद घटते, गाढ झोपेचा वाटा कमी होतो. तोच जिना, तीच भाजीची पिशवी. पण शिल्लक क्षमतेचा मोठा हिस्सा आता त्यातच खर्च होतो आणि झीज भरून यायला वेळ लागतो. म्हणून बाजाराच्या दोन फेऱ्या कराव्यात, भाजी बसून निवडावी, अंघोळीनंतर लगेच दुसऱ्या कामाला लागू नये. जेवणानंतर अर्धा तास पडायलाही हरकत नाही, फक्त ती झोप संध्याकाळपर्यंत लांबू नये. एरवी दिवसा झोपू नका म्हणणाऱ्या आयुर्वेदानेही वृद्धांना त्यातून सूट दिली आहे. दुपारी एक ते चार या विश्रांतीच्या वेळेवरून पुणेकरांची जेवढी थट्टा झाली, तेवढी ती वेळ वाईट नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की एकदा सवलत दिली की माणूस अंथरूणच धरतो. या भीतीला आधार आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं गेलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की त्या तीन आठवड्यांनी त्यांची श्रम करण्याची क्षमता जेवढी घटवली होती, तेवढी पुढच्या तीस वर्षांच्या वयानेही घटवली नव्हती. चकवणारी सूचना म्हणजे न हलण्याने येणारा थकवा. पडून राहिल्याने शक्ती जाते, शक्ती गेली की थोड्याशा हालचालीनेही थकवा येतो, आणि तो थकवा आणखी पडून राहायला सांगतो. हे ओळखायची एक खूण आहे. कामाचा थकवा विसाव्याने उतरतो, न हलण्याचा थकवा थोडं चालल्यावर कमी होतो. दोन्हींनी जो जात नाही किंवा जो अचानक सुरू झाला आहे, त्याला ‘वय झालं’ हे उत्तर पुरत नाही. रक्तक्षय, थायरॉईड, साखर, हृदय, नैराश्य यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. ती पुरी व्हावी म्हणून मधला विसावा हवा. दर दहा मिनिटांनी बाकावर टेकणारा माणूस एकूण अधिक चालतो, कारण तो उद्याही येतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे : विश्रांती परवडते कुणाला? शेतमजूर, फेरीवाले, पेन्शन नसलेले असंख्य लोक यांना थांबणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणं. त्यांना आहारविहाराचे लेख देऊन उपयोग नाही, त्यासाठी वृद्धापकाळाचं वेतनच हवं. मध्यमवर्गीय घरातली अडचण मात्र पैशाची नाही, घरकामाच्या वाटणीची आहे. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. नोकरदाराला निवृत्तीची तारीख असते, स्वयंपाकघराला नसते. उलट साठीनंतर नातवंडांची भर पडते. अशा आजीला ‘शरीराचं ऐका’ सांगून कुटुंब मोकळं होतं, पण तिने दुपारी अडीच वाजता पडायचं, तर शाळेच्या बसवर नातवाला आणायला कोण जाणार, हे त्याच कुटुंबाला आधी ठरवावं लागेल.