खाज कोपरावर, कारण ताटात

रात्री दिवे मालवल्यानंतर आजी-आजोबांच्या खोलीतून खाजवण्याचा आवाज येऊ लागतो आणि ‘वयोमानाने कातडी कोरडी पडली’ असे म्हणून आपण खोबरेल तेलाची बाटली पुढे करतो. पुष्कळदा ते बरोबरही असते. परंतु खाज दोन्ही कोपरांवर, दोन्ही गुडघ्यांवर, नितंबांवर किंवा डोक्यावर अशी जोडीने उठत असेल, बारीक फोड येऊन ते खाजवताच फुटत असतील, तर आपण थोडा निराळा विचार करावा.

अशा पुरळाला वैद्यकात डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले. नावामुळे गैरसमज होतो. नागिणीशी त्याचा काहीही संबंध नाही. नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठते. हे पुरळ म्हणजे सिलिॲक या विकाराचे त्वचेवरील रूप होय. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि त्यातून निर्माण झालेली आयजीए प्रतिपिंडे त्वचेतही साचतात. यातील अनेकांना पोटाची तक्रार जाणवतच नाही. त्यामुळे पोळीवर संशय घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

मात्र संशय आला म्हणून लगेच गहू बंद करू नये. गहू सोडल्यावर रक्ताच्या तपासण्या हळूहळू निर्दोष दिसू लागतात आणि निदान अवघड होऊन बसते. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते पुरळाशेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवतात. उतारवयातील खाजेमागे मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, खरूज किंवा एखादे चालू औषधही असू शकते. तेही पाहिले जाते.

निदान झाल्यावर डॉक्टर कित्येकदा डॅप्सोन हे औषध देतात. ते कुष्ठरोगावरही वापरले जाते. गोळीचे नाव वाचून घरात कुजबुज सुरू होते, ज्येष्ठ मनातून खचतात आणि गोळी गुपचूप उशीखाली जाते. सांभाळणाऱ्यांनी ही शंका पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून दूर करावी. डॅप्सोनने खाज काही दिवसांतच शमते. पण आतडे बरे होत नाही. त्यासाठी ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करावे लागते आणि केवळ पथ्याने त्वचा शांत व्हायला अनेक महिने, कधी दोन वर्षेही लागतात. हे औषध रक्तपेशींवर परिणाम करते, म्हणून सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पीडीची तपासणी आणि पुढे वेळोवेळी रक्ततपासणी आवश्यक असते. ओठ निळसर दिसले, धाप लागली किंवा चेहरा फिकट पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही आपल्या ओळखीची धान्ये ग्लुटेनरहित आहेत, हे मराठी घराचे भाग्यच. अडचण गिरणीत येते: गव्हानंतर त्याच जात्यावर पडलेली ज्वारी निर्दोष राहत नाही. घरघंटी केवळ या धान्यांसाठी राखता आली तर उत्तम. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो आणि बाजारच्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. हिंगाच्या डबीकडे कोण पाहणार!

आता प्रश्न साबण-मलमांचा. ग्लुटेन अखंड त्वचेतून आत जाऊन आतड्याला इजा करत नाही, त्यामुळे घरातील प्रत्येक बाटली फेकून देण्याची गरज नाही. जपायचे ते तोंडाशी येणाऱ्या वस्तूंना: ओठांचे मलम, टूथपेस्ट, कवळी चिकटवण्याची पेस्ट, आणि ज्या हातांनी आपण जेवतो त्या हातांना लावायचे क्रीम. वेष्टनावर ट्रिटिकम म्हणजे गहू, होर्डियम म्हणजे बार्ली आणि सेकाले म्हणजे राय, एवढी तीन नावे भिंगातून शोधावीत. तान्ह्या नातवंडाच्या अंगावर कणकेचा गोळा फिरवण्याचे काम मात्र अशा आजींनी दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. पीठ नखांत राहते आणि जेवताना पोटात जाते.

एरवी चिडलेल्या त्वचेला जितके कमी लावाल तितके बरे. स्नान कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरकावे, सौम्य, बिनवासाचा साबण काखा-जांघांपुरता वापरावा. अंग हलकेच टिपून, ते ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली किंवा सुगंधरहित क्रीम लावावे. फुटलेल्या फोडांवर हळद-लिंबाचे लेप नकोत. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘खाजेची ट्यूब’ तर नकोच. तिच्यात पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असते, जे म्हाताऱ्या त्वचेला आणखी पातळ करते आणि पुरळाचे मूळ रूप झाकून टाकते. तपासणीला जाताना घरातील अशा सर्व ट्यूब एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात.