वॉलपेपर काढायचाय? आधी भिंत ओळखा

घराला रंग द्यायचं ठरलं की एक सल्ला हमखास मिळतो, "वॉलपेपर काढत कशाला बसताय, वरूनच रंग मारा." कागदी वॉलपेपरवर पाण्याचा रंग लावला की ओल गोंदापर्यंत पोचते, सांधे उचलतात, फुगे येतात. विनाइलच्या गुळगुळीत थरावर रंग नीट धरतच नाही. शिवाय पुढे कधी तो काढायचा झाला तर वरचा रंग पाणी आत जाऊ देत नाही, म्हणजे काम दुप्पट.

कोपरा धरून ओढलं की झालं, असंही अनेकांना वाटतं. नॉन-वोव्हन प्रकाराचा वॉलपेपर खरंच कोरडाच, पट्टीच्या पट्टी निघतो. विनाइलचा मात्र बहुधा फक्त वरचा थर सोलला जातो आणि मागचा कागद भिंतीलाच राहतो. तो जोर लावून ओढला तर पुट्टीचे पोपडे सोबत येतात.

मग पाणी मारून पाहतात, कागद ढिम्म हलत नाही, आणि कडक केमिकल शोधायला निघतात. त्याची गरज सहसा नसते. वॉलपेपरचा नेहमीचा गोंद स्टार्चचा किंवा सेल्युलोजचा असतो, पाण्याने तो मऊ होतोच. अडचण एवढीच, की वरच्या प्लास्टिकमुळे पाणी तिथवर जात नाही. आधी तो थर सोला, निघत नसेल तर त्यावर हलके ओरखडे काढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून थोडा थोडा भाग भिजवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग रुंद पत्रा जवळजवळ आडवा धरून खरवडा. गोंदात फेव्हिकॉल मिसळलेला असेल तर वेळ जास्त लागतो. मागे स्वतःचाच चिकट थर असलेल्या स्टिकर वॉलपेपरवर मात्र पाणी वाया जातं. तिथे हेअर ड्रायरची गरम हवा देत सावकाश सोला.

स्टीमरने सगळं झटपट निघतं, हे परदेशी व्हिडिओंमधलं ज्ञान आपल्या फ्लॅटमध्ये जपून वापरावं. जिप्सम किंवा पीओपीची भिंत पाण्याने आणि वाफेने मऊ पडते. पक्की झालेली व्हाइट सिमेंटची पुट्टी टिकते. उघड्या पडलेल्या पुट्टीवर ओलं बोट घासा. पांढरा लगदा हाताला आला तर फवारा नको, पिळलेला स्पंजच बरा. स्विचबोर्डाजवळ पाणी लावण्याआधी एमसीबी बंद करा, हे सांगायला नको, पण विसरलं जातं.

वॉलपेपरमुळे भिंतीला ओल आली, ही तक्रार तर नेहमीची. ओल येते बाथरूमच्या किंवा बाहेरच्या भिंतीतून. विनाइल ती कोंडून आणि झाकून ठेवतं, मागे काळी बुरशी वाढते. गळती न थांबवता नुसता रंग दिला तर पैसे पाण्यात.

जुन्या घरात कागदाखाली ऑइल पेंट निघाला तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत घातक.

कागद निघाला की काम संपलं, असं रंगाऱ्यालाही वाटतं. भिंतीवर ओला हात फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर गोंद शिल्लक आहे, आणि त्यावर रंग दिला तर तो तडकतो. पुन्हा पुसून घ्या, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच प्रायमर लावायला सांगा.